रुक्मिणीचें पत्र आणि स्नेहाचा लखोटा

वर्धा नदीच्या कांठीं, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यांत, आमचें कौंडण्यपूर वसलेलें आहे. आज तें लहानसें खेडें असलें तरी विदर्भराज भीष्मकाची राजधानी ती हीच, अशी या प्रांताची जुनी श्रद्धा आहे. आणि ज्या अंबिकेच्या दर्शनास आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णानें रथांत घेतलें, तिचें देऊळहि येथेंच दाखवितात. आषाढी एकादशीसाठीं येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. ही कथा कीर्तनांत आणि लग्नघरांत आपण इतक्या वेळां ऐकलेली असते कीं, तींतील एका माणसाकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. तो माणूस म्हणजे रुक्मिणीचा संदेश घेऊन द्वारकेस गेलेला ब्राह्मण. भागवतांत त्याचें नांवहि नाहीं. मराठी परंपरेनें त्यास सुदेव म्हटलें.

संदेश अवघ्या सात श्लोकांचा. तो रुक्मिणीनें मनाशीं केव्हांच जुळवून ठेविला असेल. अडचण संदेशाची नव्हती; अडचण होती ती तो पोंचविण्याची. भाऊ रुक्मी विरुद्ध, शिशुपालाशीं लग्न ठरलेलें, मधें अरण्यें आणि नद्या, आणि पलीकडे पुन्हां द्वारकेचे द्वारपाल. जाणारा असा पाहिजे कीं, इकडच्या पहारेकऱ्यांस त्याचा संशय येऊं नये, तिकडच्या द्वारपालांनीं त्यास आपण होऊन आंत घ्यावें, आणि योग्य स्थळीं पोंचतांच त्यानें आपल्याजवळचें पत्र मोकळें करावें. यांतील एक गोष्ट चुकली तरी सात श्लोक वाया!

गेल्या साठ वर्षांत वैद्यकशास्त्रापुढें अगदीं असाच प्रश्न उभा राहिला, आणि त्याचें उत्तर स्निग्ध पदार्थाच्या एका अतिसूक्ष्म थेंबांत सांपडलें. त्या थेंबाची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. रसायनशास्त्र आमचा विषय नव्हे. अमरावतीस महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकविणाऱ्या आमच्या पुतण्याला बसवून घेऊन जेवढें समजलें तेवढेंच लिहीत आहों.

या वयांत या भानगडींत पडण्याचें कारण आमच्या वहिनी. २०२१ सालीं करोनाची लस घ्यावयाची कीं नाहीं याची चर्चा आमच्या चौदा माणसांच्या घरांत रात्रीच्या पंगतीला रोज चाले. एके रात्रीं वाढतां वाढतां वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, माझें काय, मी सत्तरीची झालें. पण ह्या पोरांच्या अंगांत कोणा परक्याचें बीज तर शिरत नाहीं ना? पुढें कुळांत कांहीं उतरलें तर?” मुलें हंसलीं. आम्हांला हंसूं आलें नाहीं. कारण प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. “सरकार सर्वांनाच देत आहे, आपणहि घ्यावी,” एवढें बोलून आम्हीं वेळ मारून नेली. शिक्षकानें असें करूं नये.

उत्तरासाठीं थोडें मुळापासून निघालें पाहिजे. आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. प्रत्येक पेशीच्या गाभाऱ्यांत एक मूळ पोथी असते, तिला डीएनए म्हणतात. ती आईबापांकडून आलेली व मुलांकडे जाणारी. तांबड्या रक्तपेशींत मात्र पुरी वाढ होतां होतां हा गाभारा नाहींसा होतो. ही पोथी गाभाऱ्याबाहेर काढीत नाहींत. जें काम करावयाचें असेल तेवढ्याच पानाची नक्कल उतरून ती बाहेरच्या मुदपाकखान्यांत पाठवितात. तेथें ती वाचून त्याप्रमाणें प्रथिन तयार होतें. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती अल्पायुषी असते. काम झालें कीं फाडून टाकली जाते. शास्त्रज्ञांच्या मनांत आलें कीं, अशी नक्कल आपणच बाहेर लिहून पेशींत धाडली, तर पेशी स्वतःच औषध तयार करील.

कल्पना सोपी, पण आरएनए हा पदार्थ अत्यंत नाजूक. आपल्या रक्तांत, घामांत, बोटांच्या टोंकांवरसुद्धां त्याचे तुकडे करणारीं द्रव्यें असतात. शिवाय त्याच्यावर ऋण विद्युद्भार असतो आणि पेशीच्या कडेवरहि ऋण भार. तेव्हां दोघे एकमेकांस दूर लोटतात. उघडें पत्र टोंचलें तर त्याचा बहुतेक भाग वाटेंतच नष्ट व्हावयाचा.

एक तोड म्हणजे विषाणूलाच जासूद करणें. पेशींत शिरण्याची विद्या त्याच्याइतकी कोणास अवगत आहे? त्याचें विष काढून घ्यावें, त्याच्या पोतडींत आपलें पत्र ठेवावें आणि त्यास सोडून द्यावें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड, जी आमच्या घरांत सर्वांनीं अखेर घेतली, ती याच जातीची. तींतला जासूद चिंपांझी माकडाच्या सर्दीचा निर्बळ केलेला विषाणू होता. पण या जासुदाला शरीर ओळखून ठेवतें. दुसऱ्या खेपेस तोच आला कीं, वेशीवर त्याला अडविण्याची तयारी झालेली असते. एकदोनदां लस टोंचण्यापुरतें तें चालून जातें. ज्या रोग्यास तेंच औषध पुनःपुन्हां द्यावयाचें, तेथें मात्र पंचाईत.

दुसरी तोड स्नेहाची. येथें आमच्यांतला संस्कृत शिक्षक गप्प बसत नाहीं. स्नेह म्हणजे तेलतूप आणि स्नेह म्हणजे माया. एकाच शब्दांत दोन्ही अर्थ मावतात. आयुर्वेदानें स्नेहाला औषधाचें वाहन म्हणून फार पूर्वींच वापरलें. म्हणून हें सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें, असें म्हणणारे कांहीं विद्वान् आम्हांस भेटतात. त्यांच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं, पण सहमतहि होत नाहीं. औषध तुपांत घोळून देणें ही एक गोष्ट, आणि केसाच्या जाडीवर ओळीनें हजारभर मावतील असे थेंब घडवून त्यांच्यांत पत्र भरणें ही अगदीं वेगळी.

पेशीची भिंत मुळांत स्निग्ध पदार्थाचीच असते. इंग्लंडांत केंब्रिजजवळ बाब्रॅहॅम येथें अॅलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ त्याच जातीचे पदार्थ पाण्यांत कालवून पाहत होते. ते पाण्यांत पडले कीं आपोआप मिटून त्यांचे पोकळ बुडबुडे बनतात असें त्यांस आढळलें. त्यांनीं व होर्न यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून घेतलेलीं त्यांचीं चित्रें १९६४ सालीं प्रसिद्ध केलीं. पोकळी म्हटली कीं तींत कांहीं भरावें असें मनुष्याला वाटतेंच. प्रथम औषधें भरलीं गेलीं. २०२१ च्या उन्हाळ्यांत काळ्या बुरशीच्या रोग्यांसाठीं नातेवाईक अॅम्फोटेरिसिन औषध शोधीत गांवोगांव धांवत होते, तें वाचकांस आठवत असेल. त्यांतलें लायपोसोमल म्हणून मागितलें जाणारें औषध अशाच बुडबुड्यांतलें. आणि नदीपलीकडे वर्ध्यास जेनेटिक लाइफ सायन्सेसच्या कारखान्यांत त्या मे महिन्यांत हेंच अॅम्फोटेरिसिन स्निग्ध दुधाळ द्रवाच्या रूपानें तयार होऊं लागलें होतें.

औषध भरणें एक आणि आनुवंशिक पत्र भरणें दुसरें. १९८७ सालीं अमेरिकेंत फिलिप फेल्गनर व त्यांच्या सोबत्यांनीं धन भार असलेला स्निग्ध पदार्थ घडविला. ऋण भाराचें पत्र त्याला आपण होऊन बिलगलें, आणि तें गाठोडें पेशीच्या ऋण भिंतीलाहि चिकटलें. कांचेच्या बशींतल्या पेशींवर ही युक्ति नामी लागू पडली. पण जिवंत शरीरांत कायमचा धन भार म्हणजे अंगाला गूळ फांसून बाजारांतून जाण्यासारखें. वाटेंत दिसेल तें त्याला चिकटतें, आणि पेशींनाहि तें बाधतें.

यावर पुढें जो उपाय निघाला त्याचें आम्हांस सर्वांत अधिक कौतुक वाटतें. कॅनडांत व्हँकुव्हर येथें पीटर कलिस यांच्या मंडळीनें आणि इतरांनीं असा स्निग्ध पदार्थ सिद्ध केला कीं, तो रक्तांत असतांना भाररहित राहतो आणि आंबट जागीं गेला कीं धन भार धारण करतो. याचा उपयोग काय तें पाहा. थेंब पेशीजवळ आला कीं पेशी त्यास अन्न समजून गिळते आणि एका पिशवींत कोंडते. ती पिशवी हळूहळू आंबट होत जाते, कारण आंत आलेलें सर्व जिरवून टाकणें हेंच तिचें काम. पण ती आंबट होतांच थेंबाचा भार पालटतो, तो पिशवीच्या भिंतीला भिडतो, भिंत फाटते आणि पत्र बाहेर पडतें. ज्या आंबटपणानें पत्र मरावयाचें, त्याच आंबटपणानें त्याची सुटका! मात्र सर्वच पत्रें सुटतात असें नव्हे. प्रयोगांत मोजलें तेव्हां शंभरांतून एकदोनच बाहेर पडलेलीं आढळलीं. बाकीचीं पिशवींतच जिरतात. एवढ्यावर सारें काम चालतें.

पुढें या मुख्य स्निग्ध पदार्थाच्या जोडीला आणखी तीन द्रव्यें आलीं. आकार टिकावा म्हणून एक फॉस्फोलिपिड, घट्टपणासाठीं कोलेस्टेरॉल, आणि थेंब एकमेकांत मिसळूं नयेत व पहाऱ्याला लौकर दिसूं नयेत म्हणून वरून पीईजी नांवाच्या द्रव्याचें पातळ पांघरूण. ज्या कोलेस्टेरॉलच्या नांवानें आमच्या घरांत साजूक तुपावर संक्रांत आली, तेंच येथें उपयोगी पडावें याची आम्हांस गंमत वाटते. अशा थेंबांतून जाणारें पहिलें आरएनए औषध अमेरिकेंत ऑगस्ट २०१८ मध्यें मान्य झालें. तें मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकारावर आहे.

पत्राच्या मजकुरांतहि एक सुधारणा करावी लागली. बाहेरून आलेला आरएनए पाहिला कीं शरीर खवळून उठतें. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनीं २००५ सालीं दाखविलें कीं, त्यांतील एक अक्षर किंचित् बदललें तर हा क्षोभ पुष्कळ कमी होतो. कारिकोबाईंची विद्यापीठांत बराच काळ उपेक्षा झाली होती; २०२३ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मग आली २०२० सालची महामारी. अमेरिकेंतील आणि जर्मनींतील लसी याच थेंबांतून निघाल्या, आणि त्यांतील एक तर आरंभीं उणें ७० अंशांच्या थंडींत ठेवावी लागे. मे महिन्यांत आमच्या कौंडण्यपुरास पारा कोठें जातो आणि वीज केव्हां जाते, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस उणें ७० अंश ही कवि-कल्पना वाटेल. म्हणून पुण्याची गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. हिंजवडी येथील जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सनें जेमकोव्हॅक-१९ ही लस तयार केली आणि जून २०२२ मध्यें तिला आणीबाणीच्या वापरासाठीं मान्यता मिळाली. भारतांत घडविलेली ही पहिली संदेशवाहक आरएनए लस. तिला साध्या शीतकपाटाची, म्हणजे २ ते ८ अंशांची, थंडी पुरते. पुढील वर्षीं जून २०२३ मध्यें ओमिक्रॉनसाठीं केलेली तिची धाकटी बहीण जेमकोव्हॅक-ओएम आली. ती गोठवून सुकविलेल्या भुकटीच्या रूपांत असते आणि सुईवांचून, दाबाच्या यंत्रानें, त्वचेंत देतां येते. या लसींत पत्र थेंबाच्या पोटांत नसून स्निग्ध थेंबाच्या पाठीवर बांधलेलें असतें. आणि पत्रांत स्वतःच्या आणखी नकला काढण्याचा हुकूमहि लिहिलेला असतो, त्यामुळें थोडें पत्र पुष्कळ होतें.

मात्र ही लस आली तेव्हां महामारीचा जोर ओसरला होता, आणि लोकांचे दंड दोनदोनदां टोंचून झाले होते. तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नाहीं. वऱ्हाडांत पेरणी झाल्यावर येणाऱ्या चांगल्या बियाण्यासारखें हें झालें. तरीहि बियाणें घरांत आलें, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां वहिनींचें उत्तर. संदेशवाहक आरएनएचें पत्र मुदपाकखान्यांतच वाचलें जातें. तें गाभाऱ्यांत जात नाहीं, मूळ पोथीला शिवत नाहीं, आणि थोड्या दिवसांत नाहींसें होतें. कोव्हिशील्डमधलें पत्र गाभाऱ्यांत जातें खरें, पण पोथींत शिवलें जावें अशी त्याची घडणच नाहीं. कुळांत उतरण्याजोगें तेथें कांहीं नाहीं. हें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें तेव्हां दोन वर्षें उशीर झाला होता. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “मग तेव्हांच असें सांगायचें होतें.” या लसींना मुळींच दोष नाहीं असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ताप व अंगदुखी तर नेहमींचीच. आरएनए लसींनंतर क्वचित्, विशेषतः तरुण पुरुषांत, हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचें नोंदलेलें आहे.

येथेंच थांबलों असतों तर लेख सोपा झाला असता. पण आतां याच थेंबांतून मूळ पोथी दुरुस्त करणारीं पत्रेंहि जाऊं लागलीं आहेत. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयांत एका बालकाला यकृतांतील एका द्रव्याच्या अभावामुळें रक्तांत अमोनिया साठण्याचा जीवघेणा विकार होता. कारण, पोथींतील चूक. किरण मुसुनुरु आणि रिबेका आरेन्स-निक्लस या डॉक्टरांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं त्या एका मुलासाठीं, त्याच्याच चुकीपुरती, दुरुस्तीची आज्ञा लिहिली आणि फेब्रुवारी २०२५ पासून स्निग्ध थेंबांतून तीन वेळां दिली. तीन वेळां देतां आली, कारण जासूद विषाणू नव्हता. मुलाची प्रकृति सुधारली. ही दुरुस्ती यकृतापुरती होती. संततींत जाणाऱ्या पेशींना हात लावण्याचा तींत हेतु नव्हता. वहिनींचा जुना प्रश्न येथें मात्र पुन्हां उभा राहतो, आणि तो प्रत्येक नव्या औषधाच्या वेळीं विचारलाच पाहिजे, असें आमचें मत आहे.

थेंब यकृतांतच कां जातात? रक्तांत शिरतांच त्यांच्या अंगावर एक प्रथिन चढतें, तेंच, जें आपण खाल्लेल्या स्निग्धाच्या कणांवर चढतें. यकृताचे द्वारपाल तें ओळखतात आणि थेंबाला ओळखीचा पाहुणा समजून आंत घेतात. यकृताच्या रोग्याचें हें भाग्य. ज्याचा रोग दुसरीकडे आहे, त्याची हीच मोठी अडचण.

तें दुसरीकडचें दुःख आम्हीं पाहिलेलें आहे, आणि त्याविषयीं लिहितांना आमची मान खालीं जाते. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. हिवाळा आला कीं तो आठआठ दिवस गैरहजर राही. आला कीं हातपाय दुखतात म्हणे. रूपावली पाठ नसे. हा बहाणा आहे असें ठरवून आम्हीं एकदां त्याच्या सुजलेल्या हातावर छडी मारली. तो ओरडला नाहीं, एवढें आठवतें. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच्या रक्ताची तपासणी झाली. त्याला सिकलसेल होता. विदर्भांत, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत, हा रोग पुष्कळ घरांत आहे. मूळ पोथींत एका अक्षराची चूक. तेवढ्यानें तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडें ठणकतात. थंडींत तर अधिकच.

तोच विद्यार्थी गेल्या कार्तिकांत यात्रेला आला तेव्हां घरीं येऊन बसला. आतां तो स्वतः बाप आहे. आम्हीं उत्साहानें थेंबाची सारी कथा त्याला सांगितली. त्यानें शांतपणें ऐकून विचारलें, “गुरुजी, हे औषध माह्या हाडापर्यंत पोचन काय?”

रक्त हाडांतल्या मगजांत तयार होतें, आणि थेंब यकृताकडे वळतो. सिकलसेलवर पोथी दुरुस्त करणारा एक उपचार डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंत मान्य झाला आहे. पण तो थेंबाचा नव्हे. त्यांत रोग्याच्या मूळ रक्तपेशी बाहेर काढतात, विजेच्या झटक्यानें त्यांचीं दारें उघडून आंत दुरुस्ती करतात, तीव्र औषधांनीं जुना मगज रिकामा करतात आणि दुरुस्त पेशी परत घालतात. किंमत बावीस लाख डॉलर. एका टोंचणींत मगजापर्यंत पोंचणारा थेंब घडविण्याचा प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. माणसांसाठीं तो अजून औषध म्हणून सिद्ध झालेला नाहीं. आम्हीं त्याला खरें तें सांगितलें: “आज नाहीं. हायड्रॉक्सियूरियाच्या गोळ्या सोडूं नको, पाणी भरपूर पी, थंडींत जप.” त्यानें मान हालविली. छडीची गोष्ट त्यानें काढली नाहीं, आम्हींच काढली. तो म्हणाला, “जाऊ द्या गुरुजी, तुम्हाले काय माहीत होतं.”

मग त्यानें पिशवींतून दोन पत्रिका काढल्या. मुलीचें लग्न जमत होतें, गुण पाहून द्यावेत म्हणून. आम्हीं पत्रिका घेतल्या, आणि मुलीचें सिकलसेलचें कार्ड मागितलें. १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत अशीं कार्डें देतात. बापाला रोग म्हटल्यावर मुलगी निदान वाहक असणारच, आणि कार्डावर तसेंच होतें. वाहकाला स्वतःला बहुधा त्रास नसतो. पण नवराहि वाहक निघाला, तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं चारांत एक वेळां पुरा रोग उतरण्याचा संभव असतो. तीस गुण जुळत होते. ते आम्हीं त्याला सांगितले, पत्रिका घडी करून परत दिल्या, आणि मुलाच्या रक्ताची तपासणी आधीं करून घे म्हटलें. मुलाकडच्यांस हें कसें बोलावें याचा त्याला संकोच वाटत होता. तेव्हां आम्हींच चार ओळींचें पत्र लिहिलें, गुरुजींची सही केली, आणि तो तें खिशांत घालून एस. टी. च्या थांब्याकडे गेला.